पेला वाजला की थांबायचं

१६ मे २००३, शुक्रवार

अनंतराव ऑफिसात आले होते. अनंतरावांना नाही म्हणण्यापेक्षा हो म्हणणं कमी थकवतं, हे रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. ते वर्षानुवर्षं अध्यक्ष आहेत ते त्यामुळेच. रेल्वेतून निवृत्त झाले, पण गाडी सुटायची घाई अजून अंगातून गेलेली नाही. बसायच्या आधीच बोलायला लागतात.

"मंदाताई, पोट्ट्यांचं वादविवाद शिबिर घेऊन राहिलो. शुक्र, शनि, रवि. तुमीच शिकवा न् तुमीच परीक्षक व्हा. तुमच्यावानी जीभ रायपुरात कोनाची नाही."

"ही स्तुती समजू?"

"समजा न. दुसरं काही देता नाही येत मंडळाले."

विषय म्हणे समितीने ठरवला: 'राज्य लहान, तर माणूस सुखी.' भोपाळपासून तुटून झालेलं आपलं राज्य अजून तीन वर्षांचंही नाही. दात यायच्या आत त्याला परीक्षेला बसवून राहिले. जो जिंकेल त्याला जूनमध्ये नागपूरच्या स्पर्धेत पाठवायचं. मी हो म्हटलं. ते आल्याची चाहूल आधी लागली असती तर रेकॉर्ड रूममध्ये गेले असते.

आमचं मंत्रालय जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत भरतं. माझं टेबल आहे तिथे पूर्वी म्हणे प्लास्टर चढवायचे. लोक अजूनही लंगडतच येतात आणि आम्ही अजूनही 'पंधरा दिवसांनी दाखवा' म्हणूनच परत पाठवतो.

अनंतरावांच्या मागोमाग गुलाबराव. हे ह्यांच्या खात्यातले. ह्यांच्या म्हणजे माझ्या यजमानांच्या, शंकररावांच्या. हे सहा महिन्यांसाठी भोपाळच्या ऑफिसात गेले होते, तेवढ्यात इकडे राज्य झालं. कर्मचाऱ्यांची वाटणी झाली तेव्हा यादीत त्यांचं नाव तिकडेच राहिलं. गुलाबरावांचं उलटं. बायकापोरं भोपाळला, ते इथे. दोघांनी परस्पर बदली मागितली तर होऊ शकते. ते कधीपासून मागे लागले आहेत.

"ताई, साहेबांचा एकदा होकार आणा. जबलपूरचा एक जण तयार हाय, पण मले साहेबांचीच जागा पाहिजे, घर जवळ पडते. सोमवारी, सव्वीसला, मले कागद पुढे सरकवायचा हाय. तोवर तुमचा नाही आला तर जबलपूरवाला."

आपला फोन नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. बरा माणूस आहे. बोलताना सारखा चष्मा पुसतो. चिठ्ठी पर्समध्ये टाकली.

१८ मे, रविवार

रविवारचा फोन झाला. ह्यांनी गुलाबरावांचा विषय काढला. "मग काय करायचं, मंदा? तू सांग."

मी म्हटलं, "या की. कूलरमध्ये पाणी भरायला माणूस हवाच आहे."

ते हसले. "बघतो," म्हणाले. मग दोन्हीकडच्या उन्हाविषयी बोललो. भोपाळचं ऊन कमी आहे, पण ते कबूल करत नाहीत. तिथल्या रहिवाशासारखं बोलायला लागलेत.

या म्हटलं मी. याहून जास्त काय म्हणायचं असतं? पाय धरायचे का? बदली त्यांची, खातं त्यांचं, मेस त्यांची लागली आहे, दोन वर्षांत ब्लडप्रेशरसुद्धा उतरलंय म्हणतात. माणूस एका जागी बसला की त्याला उठवू नये. प्रवासात आपण तसंच करतो.

लेक शर्मिष्ठा, आमची शर्मी, टीव्ही बघत होती. फोन ठेवला तशी टीव्ही बंद करून गच्चीवर गेली. संध्याकाळीसुद्धा गच्ची तव्यासारखी तापलेली असते, तिथे काय ठेवलंय कोण जाणे. एकोणीस वर्षांच्या मुलीला काहून म्हणून विचारू नये. उत्तर हिंदीत मिळतं, आणि तेही अर्धं.

भरली वांगी केली. बाजारात ताजी दिसली.

१९ मे, सोमवार

वांगी उरली. मला ॲसिडिटी, शर्मीला वांग्याचा वासही नको. कलावती भांडी घासायला आली, डबा हातात घेऊन म्हणाली, "दीदी, फेर भांटा?"

म्हटलं, "हव, फेर भांटा. तुझ्या घरी खातात ना?"

"खाथें," म्हणाली, आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी डॉक्टरीणबाई बघते.

२१ मे, बुधवार

शर्मीने शिबिरात नाव दिलंय. मला विचारलं नाही, अनंतरावांना परस्पर सांगितलं. मी म्हटलं, मी परीक्षक आहे, बरं दिसणार नाही. ती म्हणाली, "तो क्या? मला कमी नंबर दे ना. प्रॉब्लेम काय आहे?"

अनंतरावांना अडचण सांगितली. ते म्हणाले, "मैदानात कोनी कोनाची माय नाही. तुमीच भाषणात म्हनत असता." मी कधी म्हटलं होतं आठवत नाही, पण वाक्य माझंच वाटतं, त्यामुळे मान्य केलं.

गुलाबराव परत आले होते. मी म्हटलं ह्यांचं चाललंय बघणं. चिठ्ठी हरवली म्हणून सांगितलं. बहुतेक धोब्याकडे गेली. त्यांनी दुसरी लिहून दिली. तीही कुठे ठेवली ते आता आठवत नाही. उन्हाने डोकं चालत नाही, हे काही खोटं नाही.

२३ मे, शुक्रवार

शिबिराचा पहिला दिवस. मंडळाच्या हॉलमध्ये दोन कूलर: एकाचं पाणी संपलेलं, दुसऱ्याचा पंखा उलटा फिरतो. मुलं वीसेक. नावं सगळी मराठी, गप्पा सगळ्या हिंदीत. आई मराठीत ओरडते, मूल हिंदीत उत्तर देतं आणि दोघांचं भांडण व्यवस्थित पार पडतं, अशा घरांतली ही मुलं. त्यांच्याकडून मराठीत वाद घालून घ्यायचा. म्हणजे पोहणाऱ्याला सायकल देऊन म्हणायचं, हं, नदी पार कर.

सकाळी मी नियम सांगितले. बाजू चिठ्ठीने ठरेल. पटो न पटो, चिठ्ठीत आलेली बाजू मांडायची. पुरावा छापील हवा, नाहीतर साक्षीदार हजर हवा. 'असं म्हणतात' चालणार नाही. हिंदीत घसरलात की गुण कापले. आणि वेळ. मंडळाची घंटा गणपतीत गेली ती परत आली नाही, म्हणून स्टीलचा पेला आणि चमचा. पिंकी नावाच्या एका मुलीला ते काम दिलं. एक टोला म्हणजे आवरा, दोन टोले म्हणजे थांबा. पिंकीने सरावासाठी एवढ्यांदा वाजवला की शेजारचा दूधवाला डोकावून गेला.

मग माझं व्याख्यान: न पटणारी बाजू कशी मांडावी. हे मला खरंच येतं. म्हटलं, मनातलं बोलायला लागलात की हरलात. मन ओलं असतं, त्यावरून पाय घसरतो. आवाज कोरडा ठेवा, दर चौथ्या वाक्याला लोकांना हसवा; हसणारा माणूस उलट प्रश्न विचारत नाही. मुलांनी लिहून घेतलं. मागच्या रांगेत शर्मी हाताची घडी घालून बसली होती. तिने काही लिहिलं नाही.

दुपारी पहिली फेरी. अंतिम फेरीला दोघंच निघाले. एक अश्विन, उरल्याच्या कारखान्यांकडचा. वडील रोलिंग मिलमध्ये, घर मूळ भंडाऱ्याकडचं, आजीबरोबर वाढला म्हणून मराठी बाकीच्यांपेक्षा बरी. प्रामाणिक पोट्टा. विनोद केला तर आधी वहीत उतरवून घेतो, मग हसतो. दुसरी आमची. चिठ्ठ्या उचलल्या. अश्विनला 'बाजूने', शर्मीला 'विरुद्ध'. बाकीची मुलं दोघांच्या चमूंत वाटून दिली.

शर्मीने चिठ्ठी बघितली, घडी केली आणि खिशात टाकली. इतरांनी टाकून दिल्या होत्या.

२४ मे, शनिवार

अभ्यासाचा दिवस. अनंतरावांचा शब्द 'संशोधन'. फळ्यावर खडूने मोठं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि आपण पंख्याखाली जाऊन बसले.

त्यांचीच एक शक्कल: ज्याचं घर जिकडे, त्याने तिकडे जायचं नाही. घरच्या माणसाला विचारलं की तो आपल्याला पाहिजे तेच बोलतो. म्हणून उरल्याच्या अश्विनला चमूसकट आमच्याकडच्या शंकर नगरला धाडलं, आणि शर्मीच्या चमूला उरल्याला. विचारायचा प्रश्न एकच: नवं राज्य झाल्यावर तुमचं काय बदललं? मुलं सकाळीच गेली, ऊन चढायच्या आत. मी हॉलमध्ये बसून राहिले. अनंतरावांनी त्यांच्या नोकरीतल्या सगळ्या स्टेशनांची नावं क्रमाने सांगितली. मी राजनांदगावपर्यंत जागी होते.

अश्विनची मंडळी लवकर परतली. तोंडं उतरलेली.

"मॅडम, आमाले कोनी आतच नाही घेतलं. गेटवर चौकीदार म्हने, चंदा मांगायला आले का? मी म्हटलं, नाही, प्रश्न आहे. तर म्हने प्रश्न विधानसभेत विचारा."

"हे उत्तर लिहून घेतलंस?"

"हव." दाखवलं. खरंच लिहिलं होतं, तारीख टाकून.

एका बाईंनी मात्र खिडकीतून सांगितलं, काय बदललं? घराचं भाडं बदललं. हे अश्विनच्या बाजूने नव्हतं, म्हणून तो आणखीच खचला. माझी बाजू रिकामी आहे मॅडम, म्हणाला. मी म्हटलं, मग कपाट उघड. छापील पुरावा चालतो.

मंडळाच्या कपाटात आमची वार्षिकं आहेत, स्थापनेपासूनची. त्यांना आजवर फक्त झुरळांनी मनापासून वाचलंय. पोट्ट्याने एकेक काढून फुंकर मारून वाचायला सुरुवात केली. जेवायच्या सुट्टीतही उठला नाही. मग बघते तर गालातल्या गालात हसून राहिला आणि भराभर उतरवून घेऊन राहिला. मागून डोकावले. २००१ चा अंक. माझा लेख. 'आमच्या घराची वाटणी'.

आता हे लिहायला लाज कशाला: बरं वाटलं. वीस वर्षं लिहिते. लोक भेटल्यावर 'वाचलं हं' म्हणतात, पण काय वाचलं ते विचारावं तर घाईत असतात. इथे एक पोट्टा घामाने निथळत ओळीन् ओळ उतरवतोय. मी चहा मागवला. त्याच्यासाठीही.

त्याने विचारलं, "मॅडम, हे खरं आहे?"

"छापून आलंय म्हणजे खरंच असणार," मी म्हटलं.

त्याने तेही लिहून घेतलं.

शर्मीची मंडळी दुपार कलल्यावर आली. सगळ्यांच्या भुवया लाल. उरल्याची लोखंडी धूळ. शर्मी नळाखाली डोकं धरून उभी राहिली. तिला वाटेत पुष्कळ माणसं भेटली होती. एक ट्रकवाला म्हणाला, बोर्ड बदल गया, बाकी गड्ढे वही हैं. पाळी संपवून निघालेला एक जण म्हणाला, आधी साहेब भोपाळला बसायचे तर अर्ज पोचायचा नाही, आता इथेच बसतात, तर अर्ज पोचतो आणि पडून राहतो. सगळे हसले. तिचा वाद उद्या जोरात होणार असं मला वाटलं.

"चांगलं जमवलंस," मी म्हटलं.

"जमलं कुठे?" ती म्हणाली. डोक्यावरून पाणी निथळत होतं. "सगळे जोकच सांगतात आई. किसी से भी पूछो, जोक. मग विचारलं की घरी कसं आहे, तर गप्प बसतात."

"लोक बोलतात तसंच आपण लिहायचं."

"जे बोलत नाहीत ते कुठे लिहायचं?"

मी म्हटलं, डोकं पुस, सर्दी होईल. नवतप्याच्या, त्या नऊ दिवसांच्या जाळणाऱ्या उन्हाच्या, तोंडावर सर्दी. आईपणाची सवय असते, हवामान बघत नाही.

थकले. गुडघे वेगळे, मी वेगळी. आज फोनचा दिवस नव्हता, तरी वाजला तेव्हा वाटलं तेच असतील. गुलाबराव होते. "ताई, सोमवारी सकाळी." माहीत आहे म्हटलं. त्यांना वाईट वाटेल असं काही बोलले नाही, चांगलं वाटेल असंही नाही. एकीकडे वाटतं, हे तिकडे रुळले आहेत, मी कशाला ओढू? दुसरीकडे वाटतं, रुळले आहेत हे मला कोणी सांगितलं? त्यांनीच. पण ते कसं सांगितलं? हसत. दोन्ही बाजू मांडून झाल्या. चिठ्ठी कुठली उचलायची ते कळत नाही.

२५ मे, रविवार

सगळं लिहिते, क्रमाने. नाहीतर उद्या मीच त्याचा गमतीदार लेख करून टाकीन.

हॉल भरला होता. पालक आले होते, अश्विनचे वडील आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून दाराशीच उभे, बसा म्हटलं तरी बसेनात. मी परीक्षकाच्या टेबलाशी. पिंकी पेला घेऊन शेजारी.

अश्विनने सुरुवात चांगली केली. जिल्हे, तहसील, कचेऱ्या जवळ आल्या, आकडे पाठ. मग म्हणाला, "आता एक छापील पुरावा. राज्य लहान झाल्याने सामान्य कुटुंब कसं सुखी झालं, त्याची ही साक्ष. लेखिका आपल्यातच बसल्या आहेत." आणि वाचायला लागला.

"'राज्याची वाटणी झाली तेव्हा पंखे, खुर्च्या, टाइपरायटर आणि कर्मचारी मोजले गेले. आमच्या घरातून एक नवरा भोपाळच्या वाट्याला गेला. तक्रार नाही. लहान राज्य आणि लहान घर, दोन्ही चालवायला सोपी. टीव्हीच्या रिमोटला स्वातंत्र्य मिळालं. भाजीत मीठ किती, यावर आता एकमत आहे. घोरण्याचा प्रश्न केंद्राकडे सोपवला. रविवारी फोनवर द्विपक्षीय चर्चा होते, ती सौहार्दाच्या वातावरणात संपते.'"

हॉल हसत होता. मीही हसले. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला गोड लागतं. तेवढ्यात बघितलं, अश्विन हसत नव्हता. तो गंभीरपणे, बोट उंचावून वाचत होता. पुरावा म्हणून. "म्हणजे बघा," तो म्हणाला, "कुटुंब वेगळं झालं, तरी शांतता वाढली, खर्च घटला, निर्णय लवकर होऊ लागले. लेखिका स्वतः सांगतात, तक्रार नाही. हे खरं आहे का, असं मी त्यांना काल विचारलं. त्या म्हणाल्या, खरंच आहे."

हॉल आणखी हसला. त्याला वाटलं आपला मुद्दा पोचला. त्याने कपाळाचा घाम पुसला आणि बसला.

मला तेव्हा सांगता आलं असतं, अरे, तो विनोद आहे. पण परीक्षकाने मध्ये बोलायचं नसतं. माझाच नियम.

शर्मी उठली. हातात उरल्याचे कागद होते. ते तिने टेबलावर पालथे ठेवले.

"माझ्या मित्राने छापील पुरावा दिला," ती म्हणाली. मराठी स्वच्छ, एकेक शब्द तपासून ठेवलेला. "नियम असा आहे की छापील पुरावा खोडायचा तर साक्षीदार हजर हवा. साक्षीदार मी आहे. मी त्या घरात राहते."

कोणीतरी हसलं. मग थांबलं.

"रिमोट स्वतंत्र आहे, खरं आहे. आई टीव्ही लावतच नाही. भाजीत मीठ किती यावर एकमत आहे, कारण आम्ही बोलत नाही. रविवारी फोन होतो. फोन झाला की आई भरली वांगी करते. माझ्या घरी वांगी कोणी खात नाही. माझे बाबा खातात. सोमवारी ती वांगी कलावतीबाई घेऊन जातात. दर सोमवारी."

पिंकीने एक टोला दिला. आवरा.

"तो अंक आईने बाबांना भोपाळला पाठवला होता. बाबा खूप हसले. मग पुढच्या फोनवर, आई आत गेल्यावर, मला विचारलं, 'शर्मी, आई खरंच मजेत आहे का गं?' मी... मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, हव बाबा, एकदम मस्त, तुमचा कूलरसुद्धा आम्ही वाटून घेतला. मीही जोक मारला. घरात तेच शिकवलंय ना. आता त्यांना परत यायचा चान्स आहे आणि ते विचारतात, येऊ का, आणि इकडून..." तिचा आवाज कोरडा राहिला नाही. "इकडून कूलर का पानी! वो पूछ रहे हैं आऊँ क्या, और ये बोलती है पानी भरने को आदमी चाहिए! तो वो क्या समझेंगे? कोई भी क्या समझेगा? छपा हुआ है ना! सब हँस रहे हैं ना!"

दोन टोले. ती थांबली नाही. आणखी काही म्हणत होती, पण पिंकी गोंधळून वाजवतच राहिली, पेल्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. मग ती बसली.

मी गुण दिले. हिंदीबद्दल कापले, वेळेबद्दल कापले, मनातलं बोलल्याबद्दल आमच्या तक्त्यात रकाना नाही. अश्विन जिंकला. नियमाने तोच जिंकायला हवा होता. माझा आवाज निकाल सांगताना अगदी ठीक होता, अनंतरावांनी नंतर आवर्जून सांगितलं. "पन मंदाताई," मग चप्पल शोधत हळूच म्हणाले, "एखादा नियम वाकवला असता तर गाडी काही रुळावरून नसती उतरली."

"तुम्हीच म्हणता ना, मैदानात कोणी कोणाची माय नाही."

"मैदान तं संपलं न आता."

बाहेर अश्विन वडिलांना घेऊन उभा होता. जिंकलेल्याचा चेहरा नव्हता त्याचा.

"मॅडम, मले खरंच माहीत नव्हतं. मले वाटलं तुमी खुश आहात. काल घरी बाबाले वाचून दाखवलं, तेही हसले."

वडिलांनी मान हलवली. "म्या म्हटलं, बाई मजेत हाय. बरं वाटलं ऐकून. आमच्या मिलमध्ये दोघाचौघांचं असंच झालं हाय, माणूस इकडे न् घर तिकडे. त्यांचं ऐकवत नाही. म्हटलं, एखादीचं तरी बरं चाललं."

मी अश्विनला म्हटलं, नागपूरला जा, आकडे असेच पाठ ठेव, आणि हा लेख तिथे वाचू नकोस. त्याने वही काढली नाही. पहिल्यांदाच.

घरी येताना रिक्षात शर्मी बाहेर बघत होती. गरम वारा. मी म्हटलं, "हरलीस."

"मालूम है."

"दोन टोले पडले की थांबायचं असतं."

"तू थांबते का कधी?"

रिक्षावाल्याने आरशातून दोघींकडे बघून गाणं लहान केलं.

संध्याकाळी कलावती भांडी घासून गेली. रविवार, पण वांगी आणली नव्हती. आज त्यांचा फोन यायच्या आत मी लावला. 'इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं.' परत लावला. परत व्यस्त. त्या बाईचा आवाज कधी थकत नाही, कोरडा, नम्र, काहीही न सांगणारा. माझ्यापेक्षा ती चांगली वक्ता आहे. मनात आलं, लागला नाही तर बरंच. प्रयत्न केला असं म्हणता येईल. मग लागला.

"मंदा? आज तू कसा काय लावला?"

"अहो, काही नाही, इथला पंखा..."

टण्.

स्वयंपाकघराच्या दारात शर्मी उभी होती. हातात स्टीलचा पेला आणि चमचा. चेहऱ्यावर काही नाही. पिंकीसारखं टेबलाकडे नाही, थेट माझ्याकडे बघत होती.

"पंख्याचं काय?" तिकडून.

"पंखा ठीक आहे," मी म्हटलं. "गुलाबरावांना हो सांगा. इकडे या."

"तब्येत बरी आहे ना तुझी?"

"बरी आहे."

"शर्मीची?"

"तिचीही."

"मग झालं काय?"

चार उत्तरं एकदम जिभेवर आली. त्यातलं एक तर फारच उत्तम होतं, पुढच्या अंकाला चाललं असतं. शर्मीने चमचा उचलला.

"करमत नाही," मी म्हटलं.

हे वाक्य मी आधी कधी बोलले असेन, आठवत नाही. तोंडात परक्यासारखं वाटलं, लहान आणि ओबडधोबड. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं आणि ते हसले नाहीत. श्वास ऐकू येत होता. त्यांना दमा नाही.

मग म्हणाले, "उद्या सकाळीच बोलावं लागेल त्याच्याशी. नंबर आहे का तुझ्याजवळ? चिठ्ठी हरवली म्हणत होता तो."

मी सांगितला. चिठ्ठी न बघता, एकेक आकडा.